डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून बोलावणं, एमआयएसचं काम: मुलाखतीत घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

रबाळे जंक्शन (धागाकर्ता), सोमवार, सकाळी ९:४०

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना, दिघ्यापासून थेट बेलापूरपर्यंत, आणि इकडे वागळे इस्टेटमध्ये 'डेटा अ‍ॅनालिस्ट, ० ते ३ वर्षं' अशा जाहिराती सतत निघत असतात. प्रक्रियेचा साचाही ठरलेला. एचआरचा फोन, ऑनलाइन एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) चाचणी, घरी करायची असाइनमेंट, टेक्निकल राउंड, मॅनेजर राउंड आणि परत एचआर. यात दीड-दोन महिने सहज जातात. मग एक तर कळतं की काम एमआयएसचं (मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम, ठरीव रिपोर्ट बनवणं), म्हणजे रोज सकाळी अकराच्या आत तीच एक्सेल शीट भरून दहा जणांना पाठवणं. नाहीतर 'पोझिशन होल्डवर गेली' असा निरोप येतो. नाहीतर निरोपच येत नाही.

धागा रडगाण्यासाठी नाही. प्रत्येक टप्प्यावर काय बिघडतं, का बिघडतं आणि ते आधी कसं ओळखायचं, एवढंच हवं आहे. 'प्रयत्न करत राहा' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरचे देतातच.

---

खोडरबर, सोमवार, सकाळी १०:२५

निम्मा घोळ जेडीतच (जॉब डिस्क्रिप्शन, जाहिरातीतलं कामाचं वर्णन) झालेला असतो, म्हणून तिथून सुरुवात करतो.

पायथॉन, आर, टॅब्लो, पॉवर बीआय, एसएएस, हडूप आणि 'मशीन लर्निंग असल्यास प्राधान्य' हे सगळं एकाच जाहिरातीत, तेही तीन वर्षांच्या आतल्या माणसाकडून मागितलं असेल, तर ती जाहिरात ज्याच्याकडे माणूस काम करणार आहे त्याने लिहिलेलीच नाही. चार जाहिरातींतून उचलून चिकटवली आहे. अशा ठिकाणी चाचणी एका विषयाची, मुलाखत दुसऱ्याच विषयाची आणि काम तिसरंच निघतं.

उलट 'डेली रिपोर्ट सर्क्युलेशन', 'मॅक्रो', 'ट्रॅकर मेंटेन करणे', 'रोटेशनल शिफ्ट' हे शब्द दिसले तर नाव काहीही असो, ती एमआयएस एक्झिक्युटिव्हची जागा आहे.

एचआरच्या पहिल्या फोनवर पाच गोष्टी विचारता येतात आणि त्यात उद्धटपणा काही नाही. जागा नवी आहे की कुणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली? रिपोर्टिंग कुणाला? डेटा वेअरहाऊसमध्ये (कंपनीच्या एकत्रित डेटाबेसमध्ये) आहे की शाखांकडून मेलने शीट येतात? क्वेरी (डेटाबेसमधून माहिती मागवायची आज्ञा) आपण चालवायची की आयटीला तिकीट टाकून डेटा मागवायचा? पेरोल कंपनीचा स्वतःचा की तिसऱ्याचा?

एचआरला यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं येत नसतील तर हरकत नाही, मॅनेजरला विचारून कळवतील. पाचांपैकी एकाचंही उत्तर नसेल आणि 'ते पुढच्या राउंडला सांगतील' एवढंच ऐकू आलं, तर बहुधा जागेला मंजुरीच नाही, नुसते बायोडेटा गोळा करणं चालू आहे. 'डेटा इज इन मल्टिपल सोर्सेस' याचं मराठी भाषांतर: शीट मेलने येतात.

---

पिव्होटताई, सोमवार, दुपारी १:१०

खोडरबर, जेडीचं पटलं. पण एमआयएसला इतकं हिणवू नका हो. आठ शाखांच्या आठ वेगवेगळ्या फॉरमॅटच्या शीट पॉवर क्वेरीत (एक्सेलमधलं डेटा आणून साफ करायचं साधन) आणून एका बटणावर जुळवणं हे कसबाचं काम आहे. अडचण नावाची आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. दोन वर्षांनी पुढच्या मुलाखतीत 'तुम्ही कुठला डेटाबेस वापरलात' या प्रश्नाला उत्तर नसतं, तिथे माणूस अडकतो.

म्हणून पाचांतला चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. डेटाबेस नुसता वाचण्यापुरता का होईना, उघडून मिळणार असेल, तर एमआयएसची जागासुद्धा घेण्यासारखी. ती परवानगीच नसेल तर हुद्दा कितीही भारदस्त असू दे.

---

तीन_टाका, सोमवार, दुपारी २:४५

कन्सल्टन्सीवाल्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही. एकाच जागेसाठी तीन कन्सल्टन्सी फोन करतात, कंपनीचं नाव सांगत नाहीत, 'ऐरोलीतला मोठा क्लायंट' म्हणतात. तिघांना बायोडेटा दिला की तो कंपनीकडे तीनदा पोहोचतो. मग फी कुणाला द्यायची हा वाद नको म्हणून बऱ्याच ठिकाणी तो उमेदवारच बाजूला ठेवतात, आणि त्याला कुणी कळवतही नाही. तेव्हा आधी कंपनीचं नाव आणि जागेचा क्रमांक मेलवर मागा, मगच 'माझा बायोडेटा पाठवायला हरकत नाही' असं मेलवरच कळवा. कुणाला कधी होकार दिला याची एक साधी शीट ठेवा. डेटावाले म्हणवतो ना आपण!

नोंदणी, ट्रेनिंग, लॅपटॉप डिपॉझिट, कुठल्याही नावाने पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा.

---

घणसोली_०८, सोमवार, रात्री ९:०५

एसक्यूएलच्या ऑनलाइन चाचणीत बरेच जण पडतात म्हणे. प्रश्न तर सोपे वाटतात. नेमकं अडतं कुठे?

---

डेन्स रँक, सोमवार, रात्री १०:५०

प्रश्न सोपेच असतात, पण खाचा ठरलेल्या जागी असतात. सविस्तर लिहितो.

सगळ्यात आवडता प्रश्न जॉइनच्या (दोन टेबलं समान किमतीवरून जोडण्याच्या) ओळींचा. टेबल अ मध्ये एकच कॉलम: १, १, १, नल (किंमत माहीत नसलेली रिकामी जागा). टेबल ब मध्ये: १, १, नल. इनर जॉइन (फक्त जुळलेल्या ओळी) केला तर किती ओळी? तीन एक्के गुणिले दोन एक्के म्हणजे ६. नल नलशी जुळत नाही, त्यामुळे तो धरायचा नाही. लेफ्ट जॉइनला अ मधला न जुळलेला नल वाढतो, ७. राइटलाही ७. फुल आउटरला दोन्हीकडचे नल येतात, ८. बरेच जण इनरचं उत्तर ३ किंवा ७ देतात. कारण जॉइन म्हणजे व्हीलुकअप (एक्सेलचं शोधायचं फंक्शन) असं डोक्यात बसलेलं असतं. व्हीलुकअप पहिली जुळणी सापडली की थांबतो, जॉइन थांबत नाही.

याच समजुतीतून असाइनमेंटमध्ये विक्री दुप्पट होते. ऑर्डर ५,००० रुपयांची, पैसे दोन हप्त्यांत आले. ऑर्डरचं टेबल पेमेंटच्या टेबलाला जोडून ऑर्डरच्या रकमेची बेरीज घेतली की १०,००० दिसतात. आधी पेमेंटची ऑर्डरनिहाय बेरीज करून एका ऑर्डरची एकच ओळ करायची, मग जोडायचं.

दुसरी खाच लेफ्ट जॉइन आणि व्हेअर (ओळी गाळायची अट). 'सगळे ग्राहक दाखवा, मार्चमध्ये ऑर्डर नसेल तरी' असा प्रश्न असतो. उमेदवार लेफ्ट जॉइन बरोबर लिहितो आणि मार्चच्या तारखेची अट खाली व्हेअरमध्ये टाकतो. ज्यांची ऑर्डर नाही त्यांची तारीख नल, ती अट नलला लागू होत नाही, ओळ गळते आणि लेफ्ट जॉइनचा इनर जॉइन होऊन बसतो. अट ऑनमध्ये (टेबलं कशावर जोडायची ते सांगणाऱ्या भागात) हवी.

तारखेचं आणखी एक. कॉलममध्ये वेळही असेल आणि १ मार्च ते ३१ मार्च असं बिट्वीन लिहिलं, तर ३१ तारखेच्या मध्यरात्रीचे बारा वाजल्यानंतरची सगळी विक्री बाहेर राहते. १ मार्चपासून पुढे आणि १ एप्रिलच्या आधी, अशी अट लिहा.

रँकचं तर माझ्या नावातच आहे. पगार ९०, ८०, ८०, ७०. रो नंबर १, २, ३, ४ देतो. रँक १, २, २, ४. डेन्स रँक १, २, २, ३. 'तिसऱ्या क्रमांकाचा पगार काढा' म्हटल्यावर रँक वापरून ३ शोधलात तर रिकामं उत्तर. आणि हे विंडो फंक्शन थेट व्हेअरमध्ये चालत नाही, कारण व्हेअर आधी तपासलं जातं. आतली क्वेरी किंवा सीटीई (आधी नाव देऊन लिहिलेली क्वेरी) लागते.

शेवटचं, चाचणी कुठल्या डेटाबेसवर आहे ते सुरू करण्याआधी बघा. मायएसक्यूएलमध्ये फुल आउटर जॉइन नाही, लेफ्ट आणि राइटची युनियन करावी लागते. पहिल्या दहा ओळींसाठी तिथे लिमिट, एसक्यूएल सर्व्हरमध्ये टॉप. घड्याळ चालू असताना हा शोध लागला तर वीस मिनिटं गेलीच म्हणून समजा.

---

घणसोली_०८, सोमवार, रात्री ११:२०

दंडवत. एक शंका. नॉट इन वापरलं की कधीकधी एकही ओळ येत नाही, ते का?

---

डेन्स रँक, सोमवार, रात्री ११:३५

यादीत नल असतो म्हणून. '५ हा १, २, नल यांत नाही' याचा अर्थ डेटाबेस असा लावतो: ५ हा १ नाही, आणि ५ हा २ नाही, आणि ५ हा नल नाही. तिसऱ्याचं उत्तर 'माहीत नाही'. म्हणून सगळ्याचं उत्तर 'माहीत नाही', आणि ओळ येत नाही. नॉट एक्झिस्ट्स वापरा किंवा आतल्या क्वेरीत नल गाळून घ्या.

---

खोडरबर, मंगळवार, सकाळी ८:१५

+१. हे दोन प्रतिसाद छापून भिंतीला लावा.

---

कोलशेतची चिमणी, मंगळवार, सकाळी ११:००

असाइनमेंटबद्दल. खरी निराशा इथे पदरी पडते, कारण इथे फुकट जाणारा वेळ सगळ्यात जास्त.

कामाचा आवाका आधी पाहा. ठरीव डेटा, तीन-चार प्रश्न, तीन-चार तासांचं काम, हे रास्त आहे. 'आमच्या गेल्या दोन वर्षांच्या विक्रीचा डेटा जोडला आहे, पुढच्या तिमाहीचा अंदाज, डॅशबोर्ड आणि सादरीकरण शुक्रवारपर्यंत' ही असाइनमेंट नाही, वेठबिगारी आहे. अशा वेळी सरळ लिहावं, 'यातला अमुक भाग पूर्ण करून देते, उरलेल्याची पद्धत एका पानात मांडते.' त्यावर फोन आला तर तिथे बोलणं होऊ शकतं. अवाक्षरही आलं नाही तर शनिवार-रविवार वाचला.

ग्राहकांची खरी नावं आणि मोबाइल नंबर असलेली फाइल आली तर मास्क केलेली (नावं-नंबर झाकलेली) फाइल मागा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालचा आहे. जी कंपनी अनोळखी उमेदवाराला असा डेटा मेल करते ती आत आल्यावर काय करायला लावेल ते तिथेच कळतं.

आपण लिहिलेला रिपोर्ट आणि कोड यांची मालकी आपलीच. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक लेखक असतो. नोकरीत असताना केलेल्या कामाला अपवाद आहे, पण उमेदवार काही नोकर नव्हे. मात्र संरक्षण मांडणीला मिळतं, कल्पनेला नाही, त्यामुळे 'माझी आयडिया वापरली' म्हणून हाती काही लागत नाही. पीडीएफच्या प्रत्येक पानावर तळाला नाव आणि 'मुलाखतीपुरते' एवढं लिहिलेलं बरं.

आता जिथे हमखास फसतं ते. पॉवर बीआय डेस्कटॉप (डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, पण 'लिंक पाठवा' म्हटलं की अडतं, कारण पॉवर बीआयच्या वेब सेवेला जीमेलसारखा वैयक्तिक पत्ता चालत नाही, ऑफिसचा किंवा कॉलेजचा लागतो. सध्याच्या ऑफिसच्या पत्त्यावरून दुसऱ्या कंपनीची असाइनमेंट चढवू नका, ते हात दाखवून अवलक्षण. 'पब्लिश टू वेब' तर नकोच, तो डेटा जगजाहीर होतो. पीबीआयएक्स (पॉवर बीआयची मूळ) फाइल आणि सोबत पीडीएफ पाठवा.

सीएसव्ही थेट डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. सुरुवातीची शून्यं उडतात. एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा धरतो, म्हणजे १६ आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, आणि तो परत मिळत नाही. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०४ ही ५ एप्रिल गुपचूप ४ मे होते, आणि १३/०४ मात्र मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहते. कॉलममध्ये काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजा घोळ झाला. डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' ने आणा आणि प्रत्येक कॉलमचा प्रकार स्वतः ठरवा. वेबवरून आलेल्या नावांत ट्रिमने न जाणारी स्पेस असते, कॅरॅक्टर १६०. ती सब्स्टिट्यूटने काढावी लागते, नाहीतर 'ठाणे' आणि 'ठाणे' जुळत नाहीत आणि माणूस तासभर स्क्रीनकडे बघत बसतो.

---

पिव्होटताई, मंगळवार, दुपारी १२:३०

चिमणीताई, कॅरॅक्टर १६० बद्दल आभार. डॅशबोर्डवर पॅनेल हमखास विचारतं ते एक जोडते: सरासरीची सरासरी.

ठाणे शाखेत २०० जण आले, २० जणांनी खरेदी केली: १० टक्के. वाशी शाखेत २० आले, १० जणांनी केली: ५० टक्के. खाली एकूण किती? कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये टक्केवारी काढून तिची सरासरी घेतली की ३० टक्के येते. खरं उत्तर २२० पैकी ३०, म्हणजे १३.६. टक्केवारी मेझरमध्ये (निवडलेल्या फिल्टरनुसार गणित करणाऱ्या सूत्रात) काढायची, अंशाची बेरीज भागिले छेदाची बेरीज, म्हणजे फिल्टर बदलला तरी गणित बरोबर राहतं. डिव्हाइड फंक्शन वापरा, छेद शून्य झाला तरी डॅशबोर्ड फुटत नाही.

---

सानपाडा स्लो, मंगळवार, दुपारी ३:२०

अवांतर: ऐरोलीत माइंडस्पेसचे ईस्ट आणि वेस्ट असे दोन वेगळे परिसर आहेत, बोलावणं नीट वाचा. महापेला स्टेशन नाही, घणसोली किंवा कोपरखैरणेला उतरून रिक्षा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडणार असाल तर पुलावरची गर्दी हिशेबात धरा. वॉक-इन रविवारी असेल तर मेगाब्लॉक आधी बघा. गेटवर ओळखपत्र आणि लॅपटॉपची नोंद यात वेळ जातो तो वेगळाच.

---

खोडरबर, मंगळवार, सायंकाळी ७:००

मॅनेजर राउंडचा ठरलेला प्रश्न: 'नोव्हेंबरची विक्री गेल्या वर्षीपेक्षा १२ टक्क्यांनी पडली, काय कराल?'

पडण्याचं कारण एकच. उमेदवार लगेच कारणं सांगायला लागतो: स्पर्धा वाढली, मार्केटिंग कमी पडलं. समोरच्याला कारण नको असतं, क्रम हवा असतो. आधी आकडा खरा आहे का? शेवटच्या दिवसाचा डेटा चढला का, परत आलेला माल यंदा वजा केलाय आणि गेल्या वर्षी नाही असं तर नाही? मग तुलना रास्त आहे का? लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. म्हणजे दिवाळीची जी खरेदी आधी नोव्हेंबरात पडली ती पुढच्या वर्षी ऑक्टोबरात सरकली. ऑक्टोबर-नोव्हेंबर मिळून बघितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. त्यानंतर फोड: बिलं कमी झाली की दर बिलामागची रक्कम? सगळ्या शाखांत की एकाच? जुने ग्राहक की नवे?

इथवर आलात की बहुतेक मॅनेजर स्वतःच पुढची माहिती पुरवायला लागतात. नुसतं 'हं, आणखी?' करत बसले तर त्यांनाही उत्तर माहीत नाही.

---

तीन_टाका, मंगळवार, रात्री ८:३०

शेवटच्या एचआर राउंडला सहा लाख ऐकून लोक बाराने भागतात आणि ५० हजार धरून चालतात. हिशेब असा.

सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ६,००,०००. त्यात व्हेरिएबल (पगाराचा न ठरलेला भाग) १० टक्के, ६०,०००, वर्षअखेरीस आणि मिळाले तर. बेसिक ५० टक्के, ३,००,०००. त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के, ३६,०००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, १४,४३०, ती नोकरी सोडताना आणि अट पुरी झाली असेल तरच. उरले ४,८९,५७०, महिन्याला ४०,७९७. त्यातून आपला पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात ३७,६०० च्या आसपास. विम्याचा हप्ताही सीटीसीत धरला असेल तर आणखी खाली.

काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापतात, म्हणजे महिना १,८००. मग आकडा बदलतो. म्हणून ऑफर तोंडी ऐकून 'हो' म्हणू नका. पगाराची फोड मेलवर मागा, व्हेरिएबल गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिलं ते विचारा.

---

रबाळे जंक्शन (धागाकर्ता), मंगळवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच हाती लागलं. आता 'होल्ड' आणि मौन यांचं काय करायचं?

---

कोलशेतची चिमणी, मंगळवार, रात्री १०:४०

राउंड संपतानाच विचारायचं, 'निर्णय कधीपर्यंत आणि कुणाकडून कळेल?' त्या तारखेनंतर दोन कामाचे दिवस सोडून एक मेल. त्यानंतर आठवड्याने दुसरा. तिसरा करू नये. तीन_टाका म्हणाले त्या होकारांच्या शीटमध्ये जागा बंद म्हणून नोंदवायची आणि पुढे जायचं.

'होल्ड'ची कारणं बहुधा आपल्या हाताबाहेरची असतात. बजेट नव्या आर्थिक वर्षावर ढकललं, आतल्याच कुणाची बदली झाली, किंवा ९० दिवसांच्या नोटीसवाल्यापेक्षा लगेच येणारा कुणी मिळाला. नोटीसचा आकडा पहिल्याच फोनवर खरा सांगा. '३० दिवस' सांगून शेवटी ९० निघाले की तिथे सगळं भिजत घोंगडं. आणि सहीचं ऑफर लेटर हातात येईपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा नाही म्हणजे नाही, एचआर फोनवर कितीही गोड बोलो.

---

घणसोली_०८, बुधवार, सकाळी ७:५०

असाइनमेंट पाठवतानाच्या मेलमध्ये काय लिहावं? नुसतं 'पीएफए' (प्लीज फाइंड अटॅच्ड) बरं दिसत नाही.

---

पिव्होटताई, बुधवार, सकाळी ९:१५

पाच-सहा ओळी पुरे. मुख्य निष्कर्ष दोन वाक्यांत, आकड्यासकट. मग डेटात काय गाळलं ते: '१,२४० ओळींपैकी १८ दुबार होत्या, काढल्या, ७ ठिकाणी तारीख नव्हती, त्या वेगळ्या ठेवल्या' अशा थाटात. मग काय गृहीत धरलं. जोडलेल्या फाइली कोणत्या आणि आधी कोणती उघडायची. बरेचसे परीक्षक मेल मोबाइलवर वाचतात आणि फाइल उघडतच नाहीत, त्यामुळे निष्कर्ष मेलमध्येच हवा.

आणि फाइलच्या नावात 'फायनल_फायनल_२' नको, बाळा.